तुमच्या शर्टात तेल लपलंय!

दोस्तांनो, आधी एक काम करा. तुमच्या शाळेच्या शर्टाच्या कॉलरमागे किंवा आतल्या शिवणीत एक छोटी पट्टी असते, ती शोधून वाचा. बहुतेकांच्या पट्टीवर ‘पॉलिस्टर’ असं लिहिलेलं असेल आणि शेजारी ६५ टक्के, ६७ टक्के असा काहीतरी आकडा असेल. सापडला? मग ऐका. ज्या खनिज तेलापासून पेट्रोल आणि डिझेल निघतं, त्याच तेलापासून पॉलिस्टरही बनतं. म्हणजे तुम्ही रोज तेल अंगात घालून शाळेत जाता!

आता दुसरी गोष्ट. रस्त्यावर हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या विजेवर चालतात, धूर सोडत नाहीत आणि फारसा आवाजही करत नाहीत. गच्च्यांवर निळ्या-काळ्या सौर पट्ट्या चमकायला लागल्या आहेत. हे सगळं पाहून मोठी माणसं म्हणतात, “आता काही वर्षांत तेलाची गरजच उरणार नाही.”

खरंच असं होईल? ऊन, वारा, पाणी आणि विजेच्या गाड्या मिळून तेलाची जागा घेतील? आणि घेतली, तर तुमच्या शर्टाचं काय? उत्तर शोधायला आपण एका अशा गावी जाऊ, जिथे या सगळ्या प्रश्नांची गाठ पडते. गावाचं नाव सिल्वासा.

सुताचं गाव

मुंबईहून सुरतेच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत बसा, वापीला उतरा आणि तिथून पूर्वेकडे साधारण १८ किलोमीटर जा. दमणगंगा नदीच्या काठी सिल्वासा लागतं. ही दादरा आणि नगर हवेलीची राजधानी होती. पोर्तुगीजांच्या हातून सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झालं. त्या लढ्यात महाराष्ट्रातले तरुण स्वयंसेवकही होते आणि त्यांच्यात आपले गायक-संगीतकार सुधीर फडके होते. २६ जानेवारी २०२० पासून हा भाग दमण आणि दीवला जोडला गेला आणि सगळ्यांचा मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला.

आजूबाजूला वारली, कोकणा, धोडिया लोकांचे पाडे, भाताची खाचरं आणि साग आहेत. गावाजवळ आलं की आमली, मसाट, पिपरिया, खडोली अशा ठिकाणी एकामागून एक कारखाने दिसू लागतात. त्यातल्या पुष्कळ कारखान्यांत काय बनतं? पॉलिस्टरचं सूत! भारतात या सुताची जी मोठी केंद्रं आहेत, त्यातलं एक सिल्वासा.

हे सूत बनतं कसं? त्याची सुरुवात तेलशुद्धीकरण कारखान्यात होते. तिथे कच्चं तेल तापवतात. तापल्यावर त्यातले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तापमानाला वाफ होऊन वेगळे निघतात. स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, रॉकेल, विमानाचं इंधन, डिझेल आणि सगळ्यात शेवटी उरणारं डांबर. याच वाटेत नाफ्था नावाचा पातळ द्रव निघतो. नाफ्थावर एकेक रासायनिक प्रक्रिया करत गेलं की शेवटी एक पांढरी पूड आणि एक चिकट, रंगहीन द्रव मिळतो. पुडीचं नाव टेरेफ्थॅलिक आम्ल आणि द्रवाचं नाव इथिलीन ग्लायकोल. दोघांना एकत्र तापवलं की त्यांचे रेणू एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्या करतात. या साखळ्या म्हणजेच पॉलिस्टर.

हा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी लावला. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी १९८२ साली पॉलिस्टर सुताचा मोठा कारखाना सुरू झाला.

पॉलिस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं. वितळलेलं पॉलिस्टर बारीक बारीक भोकांच्या धातूच्या चकतीतून दाबून बाहेर काढतात. दिवाळीला आजी सोऱ्यातून शेव पाडते ना, अगदी तसंच! फक्त इथली ‘शेव’ केसाहून बारीक असते, हवेत लगेच गार होते आणि बॉबिनवर गुंडाळली जाते. पण हे सूत गुळगुळीत आणि सपाट असतं. त्याचं कापड अंगाला चिकटेल. म्हणून ते टेक्स्चरायझिंगच्या यंत्रावर चढवतात. तिथे सुताला गरम करून पीळ देतात, गार करतात आणि मग पीळ उलगडतात. सुताला बारीक बारीक वळ्या पडतात, त्यात हवा बसते आणि ते मऊ, फुगीर होतं. सिल्वासाच्या कितीतरी कारखान्यांत हेच काम दिवसरात्र तीन पाळ्यांमध्ये चालतं. तिथून ट्रक भरून सूत सुरत, भिवंडीच्या मागांवर जातं आणि त्याचं कापड होतं.

तेलाची दोन कामं

आता आपल्या प्रश्नाची पहिली किल्ली हातात आली. तेल दोन वेगळी कामं करतं. एक, ते जळतं आणि त्यातून शक्ती मिळते. दोन, त्याच्यापासून वस्तू बनतात. सूत, प्लास्टिकची बादली, पाण्याचा पाइप, रंग, टायर, रस्त्यावरचं डांबर, इंजेक्शनची सिरिंज, अशा हजारो.

जगात रोज सुमारे १० कोटी पिंप तेल लागतं. एका पिंपात १५९ लिटर. यातलं बहुतेक तेल आपण जाळतो. वस्तू बनवणाऱ्या रसायन कारखान्यांकडे त्यातला साधारण सातवा हिस्सा जातो. भारताला लागणाऱ्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल परदेशातून येतं. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या तरत्या फलाटानं तेल शोधलं, त्या जागेला आपण बॉम्बे हाय म्हणतो. पण एवढ्या मोठ्या देशाला ते पुरत नाही.

म्हणून प्रश्न दोन तुकड्यांत विचारायला हवा. जळणाऱ्या तेलाची जागा कोण घेईल? आणि वस्तू बनवणाऱ्या तेलाची जागा कोण घेईल?

एका लिटरचा हिशेब

आधी जळणारं तेल. चला, वही काढा.

घरच्या विजेच्या बिलात ‘युनिट’ असतात ना, त्याच युनिटमध्ये मोजू. एक लिटर पेट्रोल जाळलं तर सुमारे ९ युनिट एवढी उष्णता मिळते. त्यावर छोटी मोटारगाडी साधारण १५ किलोमीटर जाते. पण या ९ युनिटांपैकी चाकांपर्यंत पोचतो फक्त पाव हिस्सा. बाकीचं सगळं गरम धुरात आणि तापलेल्या इंजिनात वाया जातं. गाडी थांबल्यावर बॉनेट किती तापलेलं असतं, आठवा!

विजेच्या गाडीत इंधनाचे स्फोट नाहीत, धूर नाही. चुंबक आणि तारेची वेटोळी मोटर फिरवतात. बॅटरीतल्या विजेचा चार पंचमांशाहून जास्त भाग चाकांपर्यंत पोचतो. म्हणून तेच १५ किलोमीटर जायला तिला साधारण अडीच युनिट पुरतात. नऊ आणि अडीच! केवढा फरक आहे, पाहिलात?

तसं विजेवर धावणं आपल्याला नवं मुळीच नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेची रेल्वे मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. आज त्या स्थानकाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. तुम्ही वापीला ज्या रुळांवरून आलात, तिथल्या गाड्याही विजेवरच धावतात. सिल्वासाच्या रस्त्यांवर आता विजेच्या बसही फिरतात. पुण्याच्या आकुर्डीत विजेची चेतक स्कूटर बनू लागली. नॉर्वे नावाच्या थंड देशात तर २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या. आणि नॉर्वे स्वतः समुद्रातून तेल काढून जगाला विकणारा देश आहे!

पण वीज येते कुठून?

हुशार वाचक इथे हात वर करेल. “गाडी धूर सोडत नाही हे ठीक, पण वीज कशापासून बनते?”

अगदी बरोबर प्रश्न. भारतात तयार होणाऱ्या विजेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अजूनही कोळसा जाळून मिळतो. कोळशाच्या केंद्रात १०० युनिट उष्णतेतून जेमतेम ३५ युनिट वीज निघते. म्हणजे गाडीला लागणाऱ्या अडीच युनिट विजेसाठी सात युनिटांहून जास्त उष्णता जाळावी लागते. शिवाय तेवढ्याच उष्णतेसाठी कोळसा पेट्रोलपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. निव्वळ कोळशाची वीज भरली, तर विजेच्या गाडीचा फायदा बराच घटतो. तीच वीज उन्हाची, वाऱ्याची किंवा पाण्याची असेल, तर फायदा पुरेपूर मिळतो. म्हणून नुसती गाडी बदलून भागत नाही, वीजही बदलायला हवी.

आणि ती बदलते आहे. सिल्वासाच्याच केंद्रशासित प्रदेशातलं दीव घ्या. समुद्राला लागून असलेलं हे चिमुकलं बेट. तिथे फुदम गावी खडकाळ, पडीक जमिनीवर ९ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. सरकारी इमारतींच्या गच्च्यांवरही पट्ट्या बसल्या. दिवसा दीवची विजेची सगळी गरज उन्हातून भागू लागली. असं करून दाखवणारं ते देशातलं पहिलं शहर ठरलं, आणि २०१८ साली केंद्र सरकारनं ते अभिमानानं जाहीर केलं.

‘दिवसा’ हा शब्द नीट वाचलात ना? सूर्य मावळला की सौर पट्ट्या थांबतात. सिल्वासाच्या सुताच्या यंत्रांना रात्री दोन वाजताही वीज लागते. पावसाळ्यात तर इथे दिवसचे दिवस ढग हटत नाहीत.

मग काय करायचं? निसर्गातच एक छान सोय आहे. भारतात वारा सगळ्यात जोरात वाहतो तो पावसाळ्यात. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहिल्या असतील, त्या जून ते सप्टेंबरमध्ये भरपूर वीज देतात. म्हणजे ऊन कमी असतं तेव्हा वारा मदतीला येतो.

दुसरी युक्ती आपल्या सह्याद्रीत आहे, घाटघरला. तिथे एक तलाव वर घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यात आणि दुसरा खाली शहापूर तालुक्यात आहे. वीज जास्त झाली की खालचं पाणी पंपानं वर चढवतात. वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवतात. २५० मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. म्हणजे डोंगराचा उपयोग करून वीज साठवली! दुपारचं ऊन रात्रीसाठी असं पाण्यात साठवता येतं. आणि पालघर जिल्ह्यातलं तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून कोळसा न जाळता दिवसरात्र वीज देण्याचं काम करत आलं आहे. एकटं ऊन किंवा एकटा वारा पुरणार नाही, सगळ्यांनी मिळून हात लावला तर पुरेल.

बॅटरीला कुठे अवघड जातं?

पेट्रोलकडे एक गुण आहे. थोड्या वजनात ते प्रचंड ऊर्जा साठवतं. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट उष्णता. एक किलो बॅटरीत? साधारण ०.१५ युनिट वीज! म्हणून छोट्या मोटारीला ३० युनिटांची बॅटरी लावायची, तर तिचंच वजन २०० किलोच्या आसपास जातं.

मोटार, स्कूटर, बस, रिक्षा यांचं त्यामुळे अडत नाही, कारण मोटर विजेचा वापर काटकसरीनं करते आणि रात्री गाडी चार्ज करता येते. पण मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाला एवढ्या वजनाची बॅटरी घेऊन उडताच येणार नाही. न्हावा शेवा बंदरातून निघालेलं जहाज आठवडेच्या आठवडे समुद्रात असतं, त्याला मध्येच चार्जिंग कुठे मिळणार? विमानं आणि मोठी जहाजं यांच्यासाठी शास्त्रज्ञ वनस्पतींपासूनचं इंधन, हायड्रोजन, अमोनिया असे मार्ग तपासत आहेत. तिथे तेल बराच काळ टिकेल.

आणि बॅटरीची एक गंमत सांगू? १९७०च्या दशकात जगात तेलाची मोठी टंचाई आली. तेव्हा एक्सॉन नावाच्या अमेरिकी तेल कंपनीनं तेलाशिवायच्या ऊर्जेवर संशोधन सुरू केलं. तिथे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम बॅटरीचा पाया घातला. पुढे १९८० साली जॉन गुडइनफ यांनी तिची ताकद वाढवली. १९८५ साली जपानच्या अकिरा योशिनो यांनी ती वापरायला सुरक्षित केली, आणि त्यासाठी बॅटरीच्या एका टोकाला काय वापरलं? पेट्रोलियम कोक, म्हणजे तेलापासून मिळणारा कार्बन! या तिघांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. तेलाला पर्याय देणारी बॅटरी तेलाच्याच घरात जन्मली.

लिथियमही जमिनीतूनच काढावं लागतं, आणि आपल्याला ते बाहेरून आणावं लागतं. पण एक मोठा फरक आहे. पेट्रोल एकदा जळलं की धूर होऊन गेलं, ते परत मिळत नाही. बॅटरी जुनी झाली तरी लिथियम तिच्यातच असतं. ते काढून पुन्हा वापरता येतं. म्हणून जुने मोबाइल आणि बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नयेत.

आणि आपलं सूत?

आता उरला प्रश्नाचा दुसरा तुकडा. समजा, उद्या सगळ्या गाड्या विजेवर धावू लागल्या. सिल्वासाच्या यंत्रांनाही उन्हा-वाऱ्याची वीज मिळू लागली. तरी त्या यंत्रांवर चढणारं सूत तेलाचंच असेल! कारण ऊन आणि वारा शक्ती देतात, पदार्थ देत नाहीत. पॉलिस्टरच्या साखळीला कार्बनचे अणू लागतात. ते तेलातून येतात.

एवढंच कशाला, विजेच्या गाडीचे टायर, तारांवरची आवरणं, आतलं प्लास्टिक हेही तेलापासून येतं. सौर पट्टीतल्या काचेखाली प्लास्टिकचा पातळ थर असतो. पवनचक्कीच्या पात्यांत तेलापासूनच बनणारी राळ असते. तेलाला हटवायला निघालेली ही मंडळी थोडं थोडं तेल सोबत घेऊनच आली आहेत.

मग कापूस वापरू या का? आपल्या विदर्भाचा, खानदेशाचा कापूस छानच आहे. पण जगात आज बनणाऱ्या सगळ्या धाग्यांपैकी निम्म्याहून जास्त धागा पॉलिस्टरचा आहे. तेवढा कापूस पिकवायचा, तर त्यासाठी केवढी जमीन आणि केवढं पाणी लागेल!

मार्ग आहेत, आणि ते सुरूही झाले आहेत. पाण्याची प्लास्टिकची बाटली ज्यापासून बनते, तोच पदार्थ तुमच्या शर्टाचा धागा बनवतो. दोन्ही पॉलिस्टरच! म्हणून वापरलेल्या बाटल्या धुऊन, तुकडे करून, वितळवून पुन्हा सूत काढता येतं, आणि आपल्या देशात ते काढलंही जातं. दुसरा मार्ग उसाचा. साखर कारखान्यात उरणाऱ्या मळीपासून अल्कोहोल आणि त्यापासून इथिलीन ग्लायकोल बनवता येतं. उत्तराखंडात काशीपूरला असा कारखाना चालतो. म्हणजे पॉलिस्टरमधला एक जोडीदार शेतातून आणता येतो. दुसऱ्या जोडीदारासाठी शास्त्रज्ञांचे प्रयत्न चालू आहेत. अजून हे सगळं महाग आहे आणि थोड्या प्रमाणात आहे, पण दिशा बरोबर आहे.

मग उत्तर काय?

उन्हा-वाऱ्याची वीज आणि विजेच्या गाड्या तेलाची जागा घेतील का? रस्त्यावर जळणाऱ्या बहुतेक तेलाची जागा त्या घेऊ शकतात, आणि ते काम सुरू झालं आहे. मात्र त्यासाठी वीजही कोळशावरून हळूहळू स्वच्छ ऊर्जेवर आणावी लागेल, ती साठवावी लागेल. विमानं आणि जहाजं यांना जास्त वेळ लागेल. वस्तू बनवणाऱ्या तेलाची जागा मात्र वीज घेऊ शकत नाही. तिथे पुनर्वापर आणि शेतातला कच्चा माल यांची गरज आहे.

आणि मला मनापासून वाटतं ते सांगतो. तेल तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली. समुद्रातल्या सूक्ष्म जिवांनी साठवलेलं ते फार जुनं ऊन आहे. त्यातून औषधाची सिरिंज बनू शकते, रक्ताची पिशवी बनू शकते, पावसात भिजून लगेच वाळणारा शर्ट बनू शकतो. इतकी गुणाची वस्तू सिग्नलवर उभ्या राहिलेल्या गाडीत नुसती जाळून टाकायची? जे काम वीज करू शकते तिथे वीज वापरावी, आणि तेल जिथे दुसरं काही चालतच नाही अशा कामांसाठी जपून ठेवावं.

आता तुमचं काम. या रविवारी घरातल्या वीस वस्तू वहीत लिहा. प्रत्येकीपुढे लिहा, ती तेलापासून बनली आहे का, आणि तिच्याऐवजी दुसरं काय वापरता येईल. टूथब्रशपासून सुरुवात करा, शाळेची बॅग विसरू नका. वापरलेल्या पाण्याच्या बाटल्या कचऱ्यात न टाकता भंगारवाल्या काकांना द्या. आणि ज्या वस्तूला तुम्हाला काहीच पर्याय सापडला नाही, तिचं नाव आम्हाला पत्रानं जरूर कळवा. मोठेपणी तिचा पर्याय तुमच्यापैकीच कुणीतरी शोधायचा आहे.